आकाशात जायचा पास, मार्गे वडसा

मुलांनो, अवकाशात जायला तीन गोष्टी लागतात: रॉकेट, इंधन आणि वनखात्याचा वाहतूक पास. पहिल्या दोन नसल्या तरी भागतं.

रॉकेट सरकारी असतं किंवा खाजगी. सरकारी पडलं तर चौकशी बसते. खाजगी पडलं तर मालक स्वतः हुडकायला जातो. १९८६ साली कुरखेड्यापलीकडच्या आंबेटोल्यात मुखरूभाऊंची अशी खाजगी कंपनी होती. कर्मचारी दोन, पैकी एक (पत्नी वच्छलाबाई) विरोधात. रॉकेट बांबूचं, कारण भाऊ टोपल्या उत्तम विणत. इंधन म्हणजे लग्नात उरलेली दारू (शोभेची). बाईंनी मुदत दिली होती: रविवारपर्यंत उडालं नाही तर सोमवारपासून पुन्हा टोपल्या.

आता बांबू बैलबंडीतून जावो की हवेतून, पासाशिवाय हलवता येत नाही. शुक्रवारी भाऊ वनखात्याच्या नाक्यावर गेले. तिथले बाबू गुणवंतराव अत्यंत कर्तव्यदक्ष (एकदा त्यांनी काड्या बांबूच्या निघाल्या म्हणून नवरदेवाचं बाशिंग जप्त केलं होतं).

"माल कुठी जाऊन राह्यला?"

"वरते."

"वरच्या नाक्याचं नाव सांगा."

"वरते नाका नाई ना, बाबू."

"मंग माल पोचला हे कोन लिहून देईन?"

भाऊ म्हणाले, शेवटी ते इथंच पडणार, तर 'आंबेटोला ते आंबेटोला' लिहा. गुणवंतरावांनी नियम दाखवला: माल जिथला तिथंच राहिला तर ती वाहतूक नव्हे, वाहतूक नाही तर पास नाही, आणि पास नाही तर उडवता येत नाही. यात मला आजवर चूक सापडलेली नाही. अखेर पास मिळाला, वडशाचा (त्या गावाला निदान नाका होता). वाहनाच्या रकान्यात लिहिलं: 'माल स्वतः'.

रविवारी रॉकेट उडालं. खरंच उडालं. मोहाच्या शेंड्यापेक्षा दोन हात वर गेलं, वच्छलाबाई हातातलं सूप तसंच धरून पाहत राहिल्या, आणि ते वडशाकडे न वळता थेट नाक्याच्या अंगणात उतरलं. माल ठरल्या ठिकाणी न नेता वाटेत उतरवला, असा गुन्हा नोंदला गेला. रॉकेट जप्त. सोबत भाऊंच्या घरातला उरलेला बांबूही जप्त (पुरावा पूर्ण असावा म्हणून).

"उडलं खरं," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता टोपल्या कायच्या विनता?"

उड्डाण यशस्वी झाल्यामुळे बंद पडलेली ही बहुधा एकमेव कंपनी.

मुलांनो, हसू नका. आपल्याकडे कागदही बांबूचाच होतो. हे छापलंय तोसुद्धा. तो नाका ओलांडून तुमच्या हातात आलेला आहे. पास दाखवा.