मांडीच्या हाडाची मोहीम, आणि बिनीला कोण

शंभू महादेवाला स्मरोन, थोरामोठ्यांस शरणार्थ करोन वर्तमान सांगणे ऐसे जे, पालम मुक्कामी राजमान्य राजश्री नागप्पा, वय सत्तरीपार, मिशी शाबूत, दात गैरहजर, यांचे कुटुंब अखंडसौभाग्यवती गौराबाई यांच्या मांडीचं हाड मोडलं, आणि ते सांधण्याकामी परभणी शहरी जो रणसंग्राम जाहला, तो जसा घडला तसा येणेप्रमाणे.

गौराबाई अंगणात शेळीला पाला टाकायला निघाल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्या ओट्यावरून खाली आल्या. मग रुग्णवाहिका जाहली, मग परभणीचा खाजगी दवाखाना जाहला, मग डाक्टर सरकारांनी फर्मावलं की बाईंचं काळीज लय सावकाश चालायलंय, त्यानं भोवळ आली. आधी छातीत यंत्र बसवावं, मग मांडी सांधावी, आणि खर्च चार लाखाच्या वर जाईल. न्हाई केलं तर बाई पुन्हा पायावर उभ्या ऱ्हाणार न्हाईत. नागप्पांनी आकडा ऐकला आणि मिशीला पीळ दिला.

कारण त्यांच्या पदरी बिनीचा सरदार होता, म्हंजे फौजेच्या तोंडाशी चालणारा. चिरंजीव शंभुराज, खताचे दुकानदार, यांनी हप्ता स्वस्त पाहून आईबापाचा आरोग्य विमा उतरवला होता. आणि नागप्पांनी त्या कागदाला काचेची चौकट करून तो देवाच्या तसबिरीशेजारी टांगला होता, आणि बसस्टँडच्या हॉटेलात "माझ्या पोरानं आमचा विमा केलाय" हे इतक्यांदा सांगितलं होतं, की पुढं पुढं चहावालाच ते वाक्य म्हणून कप सरकवायचा. मग ती चौकट भिंतीवरून उतरली, टॉवेलात गुंडाळली गेली, एसटीनं परभणीला आली, आणि दवाखान्याच्या विमा खिडकीवर काचेसकट रुजू जाहली.

खिडकीवर दीपिका नावाची पोरगी बसायची. तिनं काच पदरानं पुसली आणि कागद वाचला.

"आजोबा, हा टॉप-अप हाय. पहिल्या तीन लाखापर्यंत हा जागचा हलत न्हाई. तेवढं दुसऱ्या विम्यातून येऊ द्या, न्हाईतर खिशातून. त्याच्या वरचं हा देतो."

"म्हंजे माझा पोरगा मागं उभा ऱ्हाणार?"

"मागंच. पुढं चालणारा दुसरा विमा हाय का तुमचा?"

"न्हाई," नागप्पा बोलले.

या मोहिमेतली सगळ्यांत मोठी दगाबाजी ती हीच, आणि ती खुद्द राजानं केली.

विमा होता. कन्या वैजयंती पुण्याला कंपनीत कामाला. कंपनीनं तिला विचारलं होतं, विम्यात आईबाप लिहिता का सासूसासरे, एकच जोडी बसते. तिनं आईबाप लिहिले, आणि सासरी महिनाभर फुगलेल्या तोंडांचा मारा सोसला. पण नागप्पांच्या दौलतीत कायदा असा की लेकीला द्यायचं, लेकीचं घ्यायचं न्हाई. पुण्याला गेले तरी ज्वारीचं पीठ इकडून न्यायचे, आणि जेवून उठताना ताटाखाली शंभराची नोट सारायचे. वैजयंती डोळे पुसत ती परत द्यायची, आणि पुढच्या जेवणाला तीच नोट पुन्हा ताटाखाली हजर. आता लेकीचा विमा पुढं आणि लेकाचा मागं, हे हॉटेलात सांगायचं कोणत्या तोंडानं? मग फर्मान सुटलं की वैजयंतीच्या विम्याचं नाव कुणी काढू नये, पहिल्या तीन लाखासाठी विहिरीकडचा रानाचा तुकडा विकावा. आणि शंभुराजांनी मान डोलावली, कारण चौकटीत त्यांचीबी मान अडकली होती.

ही मसलत गुप्त होती. पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं हळू बोलणं म्हंजे दवंडीच. गौराबाईंनी खाटेवरून सगळं ऐकलं, आणि नर्स संमतीचा कागद घेऊन आली तवा त्यांनी अंगठा मुठीत दाबून धरला.

"अवो, मानपान करायला माझीच मांडी सापडली का तुमाला?"

"लेकीचं घेतलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक येणारेत का मला परसाकडं न्यायला? वैजीचा विमा आधी येऊ द्या. न्हाईतर मी अशीच पडून ऱ्हाते, आन् जन्मभर तुमीच मला उचला."

नागप्पांनी स्वतःच्या कंबरेचा विचार केला.

"आप्पा," शंभुराज हळूच बोलले, "मागं असला तरी वरचं माझाच देणार हाय की."

"तू गप. घेताना विचारायचं व्हतं, ह्यो पुढं चालतो का मागं."

ऐसा तह जाहला, आणि पुण्याला फोन गेला. दुसरे दिवशी सकाळी वैजयंती पुण्याच्या ट्रॅव्हल्समधून उतरली, खिडकीवरची चौकट पाहिली आणि म्हणाली, "आप्पा, मी माझा विमा कशापायी केला व्हता? भिंतीला लावायला?" राजानं टॉवेल चौकटीवर ओढला. तिनं मोबाइलमधलं कार्ड दीपिकापुढं धरलं, आणि मोर्चे लागले.

लेकीचा विमा बिनीला निघाला. तिकडून कंपनीनं सवालांच्या तोफा डागल्या की भोवळ पहिल्यापासून येते काय, बाई पडल्या की बसल्या, ओटा किती उंच. इकडून दीपिकानं जवाबाचे खलिते धाडले, आणि मग मंजुरी आली, मग यंत्र बसलं, मग मांडी सांधली. लेकीच्या विम्याचे तीन लाख रणात कामी आले. मग त्यानं किती दिलं याचा कागद आणि बिलांच्या नकला हाती घेऊन शंभुराजांचा विमा पिछाडीवरून डोळे चोळत उठला, आणि वरचं त्यानं उचललं. फक्त हातमोजे विम्यात बसत न्हाईत असं कळवून त्यांचे पैसे कापले. मग डाक्टरनं मांडी कोपरानं सांधायची होती का, हे विचारायला कंपनीचा फोन काही लागला न्हाई.

घरी सोडायचे दिवशी गौराबाई वॉकरला शिव्या देत, पण स्वतःच्या पायानं, दारापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. वैजयंतीनं ओळखीच्या घरी रांधून डबा आणला होता, भाकरी आणि अंबाडीची भाजी. नागप्पा जेवले, आणि सवयीनं हात खिशाकडं गेला. गौराबाईंनी वॉकर फरशीवर आपटला. आख्खा वॉर्ड दचकला. मग हात खिशातून बाहेर आला तो रुमाल घेऊन, आणि मिशी पुसून राजानं हुकूम केला, "भाजीत मीठ कमी हाय. आजून वाढ."

वैजयंतीनं वाढलं. जेवणं आटोपली, तिनं ताट उचललं, खाली पाहिलं.

ऐसी मांडीची मोहीम फत्ते जाहली. बिनी लेकीची, पिछाडी लेकाची, हाड गौराबाईंचं. ताटाखाली फरशीशिवाय काही सापडलं न्हाई, हे आख्ख्या वॉर्डाच्या साक्षीनं नमूद केलं असे.