जनाभाऊंचं अस्वल

कल्याणजवळच्या आमच्या टेमघरात अस्वल नाही. कुत्री आहेत, घुशी आहेत, पावसाळ्यात एखादा साप निघतो. पण अस्वल आजवर कोणी पाहिलेलं नाही. तरीही गेल्या हिवाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तीन महिने अस्वलापासून बचावाचे प्रयोग चालले होते, आणि प्रत्येक प्रयोगात अस्वलाचं काम मला करावं लागत होतं.

प्रयोग करणारे गृहस्थ म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावरचे जनार्दन भोईर, सगळ्यांचे जनाभाऊ. मूळचे शेजारच्या शेलार गावचे. पस्तीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात मास्टर होते, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा माणूस. पुढे कारखानाच बंद पडला. तो काही त्यांना चालू करता आला नाही. लूम भंगारात गेले, आणि त्या हिवाळ्याच्या दीड वर्ष आधी त्यांची बायको, सुमनवहिनी, गेल्या. राहिली एक मुलगी, प्रणाली. ती मेळघाटात असते. झाडांना कॅमेरे बांधून जनावरं मोजायची, आठ-आठ दिवस तंबूत राहायचं, हे तिचं काम. सगळे वाघाबद्दल विचारतात, पण जंगलातली माणसं अस्वलाला जास्त भितात, असं ती एकदा बोलता बोलता म्हणाली होती. वहिनी गेल्यावर जनाभाऊंनी तेवढं एक वाक्य धरून ठेवलं.

त्यांचा एक ठरलेला शब्द आहे, फॉल्ट. पंखा, भाजीवाला, सरकार, कोणाहीबद्दल बोलताना तो येतो. मला म्हणाले, "कंच्याबी चीजेला फॉल्ट असतो, सर. अस्वलाचा फॉल्ट सापडला पायजे." मी शाळेत गणित शिकवतो. अस्वलाशी माझा संबंध नाही. पण जनाभाऊंना नाही म्हणायचं तर ओरडून म्हणावं लागतं, आणि तेवढा उत्साह माझ्यात संध्याकाळी उरत नाही.

ओरडावं लागतं, कारण लूमच्या खडखडाटात त्यांचा डावा कान पार गेला आहे आणि उजवा नावापुरता आहे. स्वतःही ते असे बोलतात की समोरच्या इमारतीवरची कबुतरं उडावीत. समोर उभं राहून मोठ्याने बोललं की ओठांवरून त्यांना सगळं कळतं. कारखान्यातली माणसं एकमेकांशी तसंच बोलायची. प्रणालीने कानाचं मशीन आणून दिलं होतं. दोन दिवस लावून त्यांनी ते कपाटात ठेवलं. म्हणे, ते घातलं की चाळीस लूम पुन्हा चालू होतात.

पहिला प्रयोग मिरचीचा. लवंगी मिरच्या वाटून, गाळून, ते पाणी त्यांनी लूमला तेल द्यायच्या पिचकारीत भरलं. मी दहा पावलांवरून गुरगुरत यायचं असं ठरलं. मी आलो. त्यांनी पिचकारी दाबली आणि नेमका त्याच वेळी खाडीकडून वारा सुटला. अस्वल वाचलं, पण जनाभाऊ गच्चीवर बसून रडले आणि सेक्रेटरीबाईंच्या वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. मी त्यांना धरून खाली नेलं तेव्हा माझेही डोळे झोंबले. दुसऱ्या दिवशी वर्गात माझे लाल डोळे बघून मुलं इतकी शांत बसली की माझ्या घरी कोणी गेलं असावं असा त्यांचा समज झाला असणार. जनाभाऊंनी निकाल दिला तो वाऱ्याच्या फॉल्टचा.

दुसरा प्रयोग धाग्याचा. लूमवर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की लूम आपोआप थांबतो. त्याच तत्त्वावर त्यांनी चार बांबू उभे केले, भोवती सूत ताणलं, आणि सूत तुटलं की घंटा वाजेल अशी जोडणी केली. अस्वलाने, म्हणजे मी, रांगत यायचं होतं. उभा आलो तर चालणार नव्हतं. माझे गुडघे पंचावन्न वर्षांचे आहेत. सूत तुटलं, घंटा वाजली, तिसऱ्या मजल्यापर्यंतची माणसं दारात आली. जनाभाऊ हाताची घडी घालून शांतपणे माझ्याकडे बघत होते.

"वाजली का?" त्यांनी विचारलं.

वाजली, असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. पुढच्या रविवारी त्यांनी जवळच्या पूर्णा गावातल्या एका गॅरेजमधून ट्रकचा हॉर्न आणून बसवला. तो वाजला तेव्हा मागच्या गोडाऊनच्या वॉचमनने कंटेनर आला असं समजून गेट उघडलं. तेवढा आवाज जनाभाऊंना थोडासा आला. चालेल म्हणाले.

तिसरा प्रयोग डब्याचा. मोबाईलवर अमेरिकेतल्या अस्वलांचे व्हिडिओ बघून त्यांना कळलं होतं की अस्वल खाण्याच्या वासाने येतं. म्हणून पोह्यांचा डबा पाण्याच्या टाकीच्या पाइपला उंच टांगला. मला तो काढता आला नाही, तेव्हा ते खूश झाले. मग त्यांनाही काढता आला नाही. चार दिवस पोहे वरच राहिले. आपलं अस्वल वारुळं उकरतं, मोहाची फुलं खातं, त्याला पोह्यांचं काय, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला वहिनी असताना प्रणालीने सांगितलेली माहिती ऐकवली. आपल्या अस्वलाला दिसतं कमी, ऐकू येतं कमी. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो, मग दचकून ते अंगावर येतं. "बहिरं असतं बिचारं," जनाभाऊ गंभीरपणे म्हणाले. मी गच्चीच्या कठड्याकडे बघत राहिलो.

मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी ते तिन्ही वस्तू घेऊन माझ्या घरी आले. प्रणालीची एक सहकारी दुसऱ्या दिवशी कल्याणहून मेळघाटात जाणार होती. तिच्या बॅगेत एकाच वस्तूला जागा होती. हॉर्न, पिचकारी आणि डबा त्यांनी माझ्या टेबलावर, तपासायच्या पेपरांवर मांडले.

"एकच जाईल, सर. कंची पाठवू?" त्यांनी विचारलं. "लूमला चूक झाली तं खोलून परत बसवता येतो. पोर तिथं जमिनीवर झोपते."

मी म्हणालो, झोपणारी तीच आहे, तर तिलाच विचारा. त्यावर ते खिडकीबाहेर बघू लागले. रविवारी पाचला ती रेंज मिळते अशा गावात येऊन फोन करायची. व्हिडिओ कॉल तिथल्या नेटवर्कवर चालत नसे. एरवी जनाभाऊ हा फोन जिन्यात उभे राहून घेत आणि अस्वलाबद्दलचं त्यांचं बोलणं सगळी बिल्डिंग ऐकत असे. त्या दिवशी तो माझ्या घरात वाजला. आवाज इतका मोठा ठेवलेला की तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

त्यांनी विचारलं, हॉर्न, मिरची का डबा. ती म्हणाली, बाबा, काही पाठवू नका, दुपारी जेवलात का? जनाभाऊ म्हणाले, "हां, वाऱ्याचं मी तुला बोललोच." तिने विचारलं, कानाचं मशीन लावता का? जनाभाऊ म्हणाले, "बरोबर हाय. मंग हॉर्नच."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांना तिचं काहीच ऐकू येत नव्हतं. सुमनवहिनी असताना फोन वहिनींच्याच कानाला असायचा आणि लेकीचं प्रत्येक वाक्य त्या नवऱ्यासमोर उभ्या राहून मोठ्याने पुन्हा म्हणायच्या. तेव्हा आम्हाला दोन्ही बाजू ऐकू यायच्या. त्या गेल्यापासून एकच बाजू येत होती, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर त्यांच्यासाठी रांगलो होतो. दीड वर्ष हा माणूस दर रविवारी मुका फोन कानाला धरून अस्वलाबद्दल बोलत होता, तिला विचारायला जागाच मिळू नये म्हणून. त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही हे तिला कळलं असतं तर ती काम सोडून घरी आली असती.

तेवढ्यात तिकडून ती म्हणाली, "बाबा, मला अस्वलाची भीती नाही वाटत. आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी दुसरं काही बोलतच नाही. मला इथे फार एकटं वाटतं हो."

जनाभाऊंनी मान हलवली. "हां हां. उद्या हॉर्न पाठवतो."

मी काही धीट माणूस नाही. गप्प बसणं मला जमलं असतं, आजवर जमलंच आहे. पण मी उठलो, त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवतो त्या आवाजात तिचं वाक्य जसंच्या तसं म्हणालो. काही गाळलं नाही. खाली जिन्यात कोणीतरी थांबल्याचं मला जाणवलं.

फोन जनाभाऊंच्या कानालाच होता.

"मला पन, माझे बाय," ते म्हणाले.

मी त्यांना इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिकडून प्रणाली हॅलो, हॅलो करू लागली. बाबा, काय म्हणालात, ऐकू नाही आलं, असं पुन्हा पुन्हा विचारू लागली. जनाभाऊ माझ्याकडे बघत होते. मग मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि ते काय म्हणाले ते तिला सांगितलं.