उन्हाचे एजंट

मानवतच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो ते विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीचे दिवस होते. खोली शोधायला निघालो की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आडनाव काय म्हणलात?" आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली निघायची. अशा गल्ल्या पालथ्या घालून घसा कोरडा पडला, तेव्हा एका छत्री-दुरुस्तीच्या दुकानापुढे थांबून मी पाणी मागितलं. छत्र्यांच्या काड्यांच्या ढिगात बसलेल्या गृहस्थांनी तांब्या पुढे केला आणि विचारलं,

"कोणीकडून आलात?"

"सोनपेठहून."

"सोनपेठला ऊन कसं हाय?"

जून सगळा कोरडा चाललेला. अशा वेळी आमच्या परभणी जिल्ह्यात लोक उन्हाला शिव्या देतात, त्याची चौकशी करत नाहीत. मी म्हणालो, "कडक आहे."

"कडक तर आसणारच. पण रंग कसा? पांढरं का पिवळं? नदीच्या वाळूवर पडल्यावर डोळे दिपतात का? धूळ किती हाय त्याच्यात?"

मी आठवून आठवून सांगितलं. सोनपेठला दिलेल्या बहिणीची खुशाली ऐकावी तसे ते मन लावून ऐकत होते. मग चष्मा पुसून म्हणाले, "खोली पाहिजे ना? ही समोरची घ्या. माझ्या मेव्हण्याची हाय, तो परभणीला आसतो. पण एक अट हाय. अंगणात माझी चूल राहील." आडनाव त्यांनी विचारलंच नाही. मीच पुढे कधीतरी सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं सांगितलं, पोस्टमन विचारायला होता."

हे विश्वनाथअप्पा. धंदा छत्र्यांचा, वेड उन्हाचं.

चूल म्हणजे सूर्यचूल. बॅगेएवढी पत्र्याची पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा. काळ्या डब्यांत डाळ-तांदूळ घालायचे, आरसा हलवून ऊन पेटीत पाडायचं आणि आपल्या कामाला लागायचं. सरकारनं देशभर या पेट्या सवलतीत द्यायचं ठरवलं होतं आणि मानवतचे एजंट म्हणून अप्पांची नेमणूक झाली होती. त्या दिवसापासून अप्पा जमिनीवर नव्हतेच.

"मास्तर, बघा," हात पसरून ते सगळं आभाळ दाखवायचे. "वाया जायलंय. तमाम वाया जायलंय. लाकूड नको, रॉकेलची रांग नको, धूर न्हाई. वरून नुसतं वतायलंय आन् आमी काय करायलो? टोपी घालायलो."

"अप्पा, तुम्ही छत्र्या विकता," मी म्हणायचो.

"ते पोटासाठी."

मी तेव्हा सडाफटिंग. स्टोव्हवर खिचडी करपवण्यापलीकडे मजल नव्हती. आता सकाळी मी शाळेत जाण्याआधी अप्पा माझ्या अंगणात पेटी मांडून मोकळे व्हायचे आणि मधल्या सुट्टीत मी घरी आलो की वरण-भात तयार. काच उघडल्यावर जो वाफेचा लोट यायचा, त्याला तोंड देत अप्पा दर वेळी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे म्हणायचे, "शिजलं की ओ." मग आम्ही दोघं माझ्या ओसरीवर जेवायचो. तिसरा डबा ते फडक्यात गुंडाळून समोर आपल्या घरी बायकोसाठी, म्हणजे काकूंसाठी, घेऊन जायचे.

त्या घरात मला मात्र त्यांनी कधी बोलावलं नाही. अंगणाचं दार कायम लोटलेलं. खिडक्यांना छत्रीचं काळं कापड ठोकलेलं. माझ्या ताटाशेजारी बसून जेवणारा माणूस मला उंबरा दाखवत नाही, याचं कारण त्या दिवसांत मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वाईट वाटायचं, पण वरण फार छान शिजायचं.

चूल विकणं ही काही साधी गोष्ट नव्हती. सोनपेठच्या बाजारात आम्ही एकदा प्रात्यक्षिक मांडलं. अप्पांनी गर्दी जमवली, काच उघडली, भात वाटला. एक म्हातारी भात खाऊन, हात धुऊन, पदराला पुसून म्हणाली, "चांगला हाय. आता भाकर काढ."

"भाकर न्हाई होत याच्यात, माय."

"मंग कशाला रे एवढं लोखंड वागवायला?"

ज्वारीच्या मुलखात भाकरी न करणारी चूल. अप्पा यावर एवढंच म्हणायचे, "भाकर सोडून बोला." पण आमच्याकडे भाकर सोडली तर बोलायला उरतं काय? शिवाय माणसं भल्या सकाळी शेतात जातात, भाकरी बांधून नेतात. अप्पांचा सूर्य डोक्यावर यायचा तेव्हा घरात जेवायला कुणी नसायचं.

तरी काही पेट्या खपल्या. अप्पा हरखून गेले. महिनाभरानं आम्ही गिऱ्हाइकांची खबर घ्यायला निघालो. देवगाव फाट्यावरच्या न्हाव्यानं आरसा काढून भिंतीला लावला होता आणि पेटीत वस्तरे ठेवले होते. एका घरी पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि घरमालकीण आम्हाला हळू बोला म्हणाली. तिसऱ्या घरी मुलगी दाखवायची होती म्हणून झाकण शेजारणीनं मागून नेलं होतं. गावात एवढा मोठा आरसा दुसरा नव्हता. मला हसू आवरेना. अप्पा मात्र परतीच्या एसटीत भलतेच खुशीत होते. "चीज घरात तर गेली, मास्तर. आज आरसा बघतेत, उद्या आत बघतील."

ढगांशी त्यांचं उघड वैर होतं. सारा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून बसलेला असताना एक ढग आला की अप्पा त्याला हातानं हाकलायचे. एकदा भर बाजारात एका शेतकऱ्यानं त्यांचा हात धरला. "अप्पा, तुमच्या डाळीपायी आमचं पीक घालवता का?" त्या दिवसापासून ते ढग घरामागे जाऊन हाकलू लागले.

दुसरं वैर झाडांशी. लांब बांबूला आकडी बांधून ते गिऱ्हाइकांच्या अंगणातल्या फांद्या छाटत फिरायचे. "सावली म्हंजे डाळ कच्ची," असं म्हणून त्यांनी एकाचं शेवग्याचं झाड पार बोडकं केलं. आणि याच अप्पांच्या स्वतःच्या अंगणात गावातला सगळ्यात दाट कडुलिंब होता. भिंतीबाहेर झुकलेला, पत्र्यांवर पसरलेला. घरावर उन्हाचा एक कवडसा पडत नव्हता. गल्लीतले लोक गमतीनं विचारायचे, "काय अप्पा, आपल्या घरी सूर्याला बंदी का?" अप्पा ऐकलं न ऐकलं करायचे.

मग एक दिवस खात्याचे साहेब जीपमधून आले. ते अख्ख्या जिल्ह्यासाठी एक मुख्य एजंट नेमणार होते. जिल्हाभर चुली पुरवायच्या, पुढेमागे उन्हावर चालणारे दिवे आणि पाण्याचे पंपही. पंप हा शब्द ऐकताच अप्पांनी चहा तसाच खाली ठेवला. साहेबांनी माझ्या अंगणातली चूल पाहिली, भात चाखला, आणि खूश होऊन म्हणाले, "उत्तम. हे तुमचं घर ना?"

"हे मास्तरांचं. माझं समोर."

साहेबांनी समोर पाहिलं. लिंब पाहिला. "मुख्य एजंटाच्या स्वतःच्या अंगणात चूल चालू पाहिजे. तसा फोटो जोडावा लागतो. येत्या सोमवारी दुपारी येतो. तोवर तेवढं झाडाचं बघा."

त्या आठवड्यात अप्पांना झोप नव्हती. गिऱ्हाईक छत्री घेऊन आलं की ते त्याला पंपाची माहिती द्यायचे. "जायकवाडीच्या पाण्याची वाट बघायची गरज न्हाई, मास्तर. ऊन वर, पाणी खाली. मधी फक्त आपण." मला म्हणाले, हिशेबाला तुम्हीच बसा, तुमचं अक्षर चांगलं आहे. खरं सांगतो, मीही हुरळून गेलो होतो. शाळेत मुलांना सूर्यमाला शिकवताना माझा आवाज चढू लागला होता.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. सकाळीच लाकूडतोड्या आला. पहिल्यांदाच अप्पांचं दार सताड उघडं होतं. मी आपला बाहेर उभा. आतून बायकी आवाज आला, "मास्तर, आत या की. तुमच्याच अंगणातला भात खाते मी रोज."

मी आत गेलो. लिंबाखाली बाजेवर काकू बसल्या होत्या. गोऱ्या, बारीक, पदर डोळ्यांवर ओढलेला. झाडाखाली इतका अंधार होता की मला जरा वेळ काही दिसेना.

लाकूडतोड्यानं वर चढून पहिली फांदी तोडली. धप्पकन फांदी खाली आली आणि तिच्यामागून ऊन आलं, थेट बाजेवर. काकूंनी चेहरा दोन्ही हातांनी झाकला. त्या आक्रसून गेल्या. मग तशाच चाचपडत उठल्या. "तोडा तुमी," त्या म्हणाल्या, "मी आत बसते. आतमधी काय वाईट हाय?"

अप्पा त्या उन्हाच्या तुकड्याकडे बघत राहिले. मग वर पाहून म्हणाले, "उतर रे खाली."

"आहो, पंप," काकू म्हणाल्या.

"पंप बिंप ऱ्हाऊ दे."

लाकूडतोड्याला त्यांनी वाटेला लावलं आणि दुकानातून मोठ्यातली मोठी छत्री आणली. माझ्या खांद्यावर पाय देऊन ते झाडावर चढले आणि फांदी तुटली होती तिथं ती उघडी छत्री सुतळीनं घट्ट बांधली. ऊन गेलं. काकूंनी हळूच हात खाली घेतले.

उतरल्यावर अंगाला लागलेला पाला झटकत अप्पा मला म्हणाले, "उजेड टोचतो तिला. डॉक्टर काहीबी म्हणू द्या, धुरानंच झालं. कापसाच्या ओल्या पळाट्या, रोजची फुंकणी. घरात कोंडून ठेवू का? निदान हितं वारं तरी लागतं. दुपारचं दार उघडलं की ऊन बाजेवर येतं, म्हणून जेवायला कोणाला बोलवत न्हाई. तुमाला काय वाटत आसंल."

मला काय वाटत होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. मला रडू यायला लागलं होतं.

दुपारी साहेब आले. लिंब जागच्या जागी आणि वर त्यात एक काळी छत्री. "उन्हाचे एजंट तुम्ही, आणि झाडाला छत्री?" मी पुढे सरसावलो, तर अप्पांनी माझा दंड दाबला. "साहेब, छत्र्यांचा धंदा हाय आमचा," ते हसून म्हणाले. साहेब चहा न घेता गेले. जिल्ह्याचा मुख्य एजंट दुसराच कुणी झाला.

जीप गेल्यावर अप्पा गप्प बसतील असं मला वाटलं होतं. ते माझ्या अंगणात गेले, काच उघडली, "शिजलं की ओ," म्हणाले आणि तीन डबे घेऊन आले. त्या दिवशी आम्ही तिघं लिंबाखाली जेवलो. पहिला घास घेताना काकूंनी विचारलं,

"आज भाईर ऊन कसं हाय?"

आणि अप्पा सांगू लागले. बाजारपेठेत कापसाच्या गंज्यांवर कसं पांढरंफेक पडलंय, स्टेशनकडं रूळ कसे चमकायलेत, काल पाथरीहून आलेला माणूस म्हणत होता तिकडं कसं पिवळं आणि धुळीनं भरलेलं हाय. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. चेहऱ्यावर ऊन पडल्यासारख्या हसत होत्या. गिऱ्हाइकाला, पाव्हण्याला, पाणी मागणाऱ्या परक्या मास्तराला अप्पा तोच एक प्रश्न का विचारायचे, ते मला तेव्हा कळलं.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, घरात गॅस आला. सूर्यचुली हळूहळू माळ्यांवर गेल्या. तरी सवड मिळाली की मी मानवतची एसटी पकडतो आणि उन्हाची बाजू बघून खिडकीशी बसतो. लोक मला वेड्यात काढतात. मी वाटेतलं सगळं नीट बघून ठेवतो, विहिरीतलं, पत्र्यावरचं, बैलाच्या शिंगावरचं. दुकानापुढे उतरलो की अप्पा चष्मा वर सारून विचारतात, "ऊन कसं हाय, मास्तर?"

मी तिथंच उभा राहून सांगायला लागतो, जरा मोठ्यानं, लिंबाखाली ऐकू जाईल अशा बेतानं.