सभ्य वस्तीतले जंतू

माणसे कितीही उंच मजल्यावर राहोत, त्यांचे सांडपाणी खालीच येते, हे शासनमान्य सत्य आहे. मात्र खाली येतानाही प्रत्येकाने आपापली पायरी सांभाळावी, अशी अपेक्षा असते.

जयतीर्थराव नेमके हेच विसरले. बेंगळुरूच्या एका सरकारी प्रयोगशाळेत ते मैला तपासत. १९९६ साली त्यांनी दोन गटारांतल्या जंतूंवर आठ औषधे घालून पाहिली. नाल्याकाठच्या झोपडपट्टीतले जंतू सात औषधांनी पटापट मेले. (त्यांच्या मालकांना डॉक्टर परवडत नसल्याने बिचाऱ्यांना सवयच नव्हती.) उच्चभ्रू इंदिरानगरातले फक्त आठव्या, जालीम औषधाने मेले, तेही कुरकुरत. बाकीची सात त्यांनी मालकांच्या प्रत्येक शिंकेसरशी चाखली होती.

साहेब नागोजीराव लालबुंद झाले. "अहो, सभ्य वस्तीतले जंतू असे दांडगट? वर काय तोंड दाखवू? बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या स्वल्प इकडच्या तिकडे करा की!"

"सरी सर, बरं सर," जयतीर्थराव म्हणाले. (बढतीची फाइल साहेबांच्याच टेबलावर होती.) लगेच दवाखान्यांत परिपत्रक लागले: इंदिरानगरास सौम्य औषध, झोपडपट्टीस जालीम.

पुढच्याच महिन्यात जयतीर्थरावांच्या पत्नी कमलाबाईंना ताप भरला. मुक्काम इंदिरानगर. डॉक्टर सुचेताबाईंनी पत्ता विचारला, परिपत्रक पाहिले आणि सौम्य गोळ्या दिल्या. आठवडा झाला, ताप हटेना. "अहो, मी काही यातून उठत नाही," कमलाबाई म्हणाल्या, तसे जयतीर्थरावांच्या तोंडचे पाणी पळाले.

खरे बोलावे तर नोकरी जाणार, गप्प बसावे तर बायको.

"डॉक्टर, पत्ता चुकला. आम्ही झोपडपट्टीत राहतो."

"इस्त्रीच्या सफारीत?"

"भाड्याची आहे हो!"

डॉक्टरांनी पुरावा मागितला. जयतीर्थरावांनी कमलाबाईंना रिक्षात घातले आणि झोपडपट्टीत, घरी भांडी घासायला येणाऱ्या रत्नाबाईंकडे रीतसर बिऱ्हाड केले. डॉक्टर येऊन पाहून गेल्या, समाधान पावल्या आणि दहा दिवसांचे जालीम औषध लिहून दिले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कमलाबाईंनी पेज मागितली आणि जयतीर्थराव ओक्साबोक्शी रडले. आता बरे वाटल्यावर औषध कोण घेतो? उरलेल्या गोळ्या त्यांनी उपकार स्मरून रत्नाबाईंच्या शिंकणाऱ्या नातीला दिल्या. (अशा रीतीने दोन्ही गटारांत समानता नांदू लागली.)

हसताय काय? तुमच्या फ्रिजवर गोळ्यांची अर्धी पट्टी पडलीय, ती कोणासाठी ठेवलीत?