बंदूक खाली करून आणा

आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे बायकोला कळू द्यायचं नाही, असा निश्चय भावकूनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात केला होता. (तो का केला ते विचारू नका. त्यात मिक्सर होता.) त्या निश्चयापायी एक दिवस आपण पोलीस ठाण्यात घामाघूम होऊन उभे राहू, असं मात्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

भावकू बेळगावच्या एका हायस्कुलात क्लार्क. राहायला मात्र पिरनवाडीच्या पलीकडच्या गावी, वडिलांच्या भातशेतीजवळ. शेतीबरोबर वडिलांची ठासणीची बंदूक आणि तिचं लायसनही त्याच्याकडं आलं होतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी घालायची, शिशाची गोळी सोडायची आणि लोखंडी गजानं ठासायचं, अशी ती जुनी वस्तू. कामाला एकच, रानडुकरं हाकलायला. सुगीच्या आधी भावकूनं ती स्वतः भरली, खांद्यावर टाकली आणि नसलेल्या मिशीला पीळ देत शेतात गेला. परत आल्यावर नीलमला म्हणाला, “दहा हातांवर डुकरीण आलती. पर गाभण हुती गं. हात उचलंना.”

नीलम निपाणीची, म्हणजे तिकडच्या बायकांसारखी ‘मी आलो, मी करतो’ म्हणणारी. तिला नवऱ्याच्या दयाळूपणाचं इतकं कौतुक वाटलं, की तिनं माहेरी फोन करून सांगितलं. खरी गोष्ट वेगळीच होती. भावकूनं डोळे मिटून चाप ओढला होता आणि बंदूक नुसती ‘टिक्’ म्हणाली होती. डुकरीण त्याच्याकडं बघून सावकाश निघून गेली. तेव्हापासून ती भरलेली बंदूक माळ्यावर होती. भरलेली बंदूक रिकामी कशी करतात, हे भावकूला माहीत नव्हतं आणि विचारायचं नाही असं तर ठरलेलंच होतं.

मग पंचायतीची इलेक्शन लागली. लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. हवालदारानं कन्नडमधून फोन केला, “बंदूक खाली माडि तगोंड बर्री.” भावकूचं कन्नड हाफिसापुरतं. त्यानं अर्थ लावला, बंदूक खाली करून आणा. नळी खाली धरायची, एवढंच ना? त्याच्या मनावरचं ओझं उतरलं.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर मागं नीलम आणि तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली बंदूक, अशी वरात निघाली.

“खाली धर, नीलम.”

“धरल्या की वो.”

पिरनवाडीत ओळखीच्या शालूबाई दिसल्या. त्यांना हात करायला नीलमनं हात उचलला आणि नळी वर आली ती थेट भावकूच्या बरगडीत.

“खाली! खाली धर म्हटलं न्हवं!”

“एवढं काय वराडतासा? रिकामी तर हाय.”

पुढचे सगळे स्पीडब्रेकर भावकूनं उतरून, गाडी ढकलत पार केले.

ठाण्यात हवालदारानं विचारलं, “खाली इदेना?”

“व्हय साहेब,” भावकू अभिमानानं म्हणाला, “पार घरापासनं खालीच हाय. एकदाच वर झालती, पिरनवाडीत.”

हवालदारानं गज नळीत सोडला. तो तळाच्या चार बोटं अलीकडंच अडला. हवालदाराचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

“लोड इदे!”

पुढच्या क्षणी ठाण्यातला एकही पोलीस उभा राहिला नाही. हवालदार टेबलाखाली, रायटर कपाटामागं, साहेब केबिनमधून बाहेर आले तसेच आत गेले आणि कडी लावून घेतली. भावकू आणि नीलम मात्र जागेवरच उभे होते.

“खाली म्हणजे रिकामी रं!” टेबलाखालून हवालदार मराठीत किंचाळला. “कन्नडमधी खाली म्हणजे रिकामी!”

आतून साहेब ओरडले, “भरलेली बंदूक ठाण्यात आणतोस? केस करतो! लायसन कॅन्सल!” केस म्हणजे सस्पेंड. सस्पेंड म्हणजे नोकरी गेली.

“मी ती मांडीवर घेऊन आलोय!” नीलम कडाडली. “सोळा मैल!”

“आठ,” भावकू पुटपुटला. (अशा वेळी हिशेब दुरुस्त करणारा नवरा जगात एकच.)

आपली बंदूक जमा करायला आलेले म्हातारे सत्याप्पा तेवढे बाकावर शांत बसले होते. त्यांनी विचारलं, “पोरा, गिरमिट आणलंयस?”

भावकूला भरून आलं. चिरमुऱ्यांचं गिरमिट त्याला फार आवडायचं, पण ही काय खायची वेळ होती? “नगं आजोबा, भूक मेली माझी.”

सत्याप्पांनी कपाळावर हात मारला आणि कंबरेच्या चंचीतून आपलं गिरमिट, म्हणजे बोटभर लोखंडी मळसूत्र काढलं. टोक अणकुचीदार, वर पिळाचे वेढे. ते त्यांनी गजाच्या टोकाला बसवलं. आधी नळीत तांब्याभर पाणी ओतलं, दारू भिजून मरावी म्हणून. नळी भिंतीकडं केली, गज आत घालून पिळला आणि हळूहळू ओढला. सगळ्यांनी कान झाकले. भावकूनं डोळेही मिटले.

मळसूत्रात रुतलेली गोळी आली. मग तिच्यामागून चिंधी आली. मग सत्याप्पांनी बंदूक उलटी केली. पाणी पडलं. स्वच्छ, पांढरं पाणी.

सत्याप्पांनी पाण्यात बोट बुडवून हुंगलं. “दारू कुटं हाय रं?”

“ठाण्यात दारू?” हवालदारानं टेबलाखालून डोकं काढलं.

“बंदुकीची वो! ह्यानं दारू घातलीच न्हाई. नुसती गोळी ठासल्या. ही बंदूक भरलेलीच न्हवती.”

नीलम सावकाश नवऱ्याकडं वळली.

“मग ती डुकरीण?”

भावकू जमिनीवरची चिंधी उचलायला वाकला.

“गाभण हुती का न्हवती?”

“ते... मी इचारलं न्हाई.”

साहेब कडी काढून बाहेर आले. दारूच नाही म्हणजे भरलेली बंदूक नाही, आणि भरलेली नाही म्हणजे केस नाही. भावकूनं सुस्कारा सोडला. पण साहेबांना कागद लागतो. “लिहून दे,” ते म्हणाले. “दारू घालायला विसरलो असं नको, नंतर शंका येते. ‘मला बंदूक भरता येत नाही’ असं लिही. खाली दोन साक्षीदार.”

नोकरी वाचत होती. भावकूनं लिहिलं. एक सही सत्याप्पांनी केली.

“दुसरी मी करतो,” नीलम म्हणाली. तिनं ठसठशीत सही केली, तारीख घातली, मजकूर दोनदा वाचला आणि विचारलं, “साहेब, ह्येच्या दोन झेरॉक्स मिळतील? एक निपाणीला आईकडं पाठवतो. दुसरी शेताच्या बांधावर लावतो. डुकरं बिचारी उगंच भ्यायली असतील.”