इंजेक्शनमधला होकार

माझा बेत एकदम पक्का होता. आधी सांगून ठेवते, बेतात काही चूक नव्हती!

मला अठरा पुरी होऊन अकरा दिवस झाले होते, आणि आमच्या अज्जांची, म्हणजे आजोबांची, कोलनोस्कोपी होती. म्हणजे मागच्या बाजूनं नळी घालून आतडं बघतात ती. इंजेक्शन घेतलं तर सोबत सज्ञान माणूस लागतं, नाहीतर घरी सोडत नाहीत. अप्पांना रजा नाही, आईची शाळेतली नोकरी. राहिलं कोण? शाळा दहावीतच सोडलेली मी, विशालाक्षी! म्हटलं, "मी नेते. काय एवढं!"

सगळ्यांना वाटलं, पोरगी सुधारली.

खरं कारण वेगळंच होतं. बोगादीत आमच्या घरामागं रंगाची शेड आहे. अज्जा तिथं कापड रंगवायचे, छापायचे. आता पंधरा वर्षं तिथं लाकडी ठसे आणि पाली राहतात. मला तिथं स्कूटर रिपेरीचं गॅरेज टाकायचंय. दोन वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात राबतेय, हात बसलाय. पण अज्जांचं वर्षभर एकच उत्तर. "बेडा." नको म्हणायचं तर मराठीत म्हणा की, वाद तरी घालता येतो! कन्नडात "बेडा" म्हणाले की अज्जा सरळ पेपर उघडतात.

मग एका गिऱ्हाइकानं सांगितलं, त्याच्या सासऱ्याला असंच इंजेक्शन दिलं, तर म्हातारा अर्धा तास सगळ्याला हो हो म्हणत होता. जावयाला मिठीसुद्धा मारली! मी तिथंच ठरवलं. अज्जांना इंजेक्शन घ्यायला लावायचं आणि नेमकी त्या अर्ध्या तासात शेड मागायची.

"तीन पद्धती आहेत," डॉक्टर म्हणाले. बोलणं सगळं कन्नडात, मी आपल्या भाषेत सांगते. "एक, काहीच द्यायचं नाही. आत हवा भरली की कळ येते, वळणावर जास्त. येते आणि जाते. सोसवलं नाही तर मधेच सांगा, तेव्हा देऊ. दोन, शिरेतून थोडं गुंगीचं, थोडं दुखणं कमी करायचं औषध. हाक मारली तर ओ द्याल, पण नंतर फारसं आठवणार नाही. तीन, भूल देणारे डॉक्टर येऊन पूर्ण झोपवतात. सुई मात्र हातात तिन्हीला लावून ठेवतो. लागली तर असावी."

"दोन!" मी म्हटलं.

"तुझी करायचीय का?" अज्जा म्हणाले.

"अज्जा, दुखेल हो!"

"माझ्या पोटात शिरणार, आणि मी बघायचं नाही? चाळीस वर्षं रंगाच्या हंड्यावरून नजर काढली नाही मी. आणि तुला माझी एवढी काळजी कधीपासून?"

"अठरा झाल्यापासून!"

मग मी त्या कळेचं असं वर्णन केलं, असं वर्णन केलं, की बाहेर बाकावर बसलेला पुढचा पेशंट उठून पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही. शेवटी अज्जा ओरडले, "आयतु, साकु! झालं, पुरे! दे तो संमतीचा कागद."

जिंकले! तेवढ्यात वॉचमन माझ्या स्कूटरच्या नावानं शंख करायला लागला. मी खाली जाऊन त्याच्याशी दहा मिनिटं भांडले आणि वर आले, तर अज्जा आत गेलेले. कागदावर सही झालेली. नर्सनं तो फायलीत घातला. मी कशाला वाचू?

तासाभरानं अनुसूया सिस्टरनं पडद्यामागं बोलावलं. अज्जा खाटेवर, डोळे मिटलेले, हातात सुई, चेहरा पिळून टाकलेल्या पंच्यासारखा. नक्की गुंगी! आदल्या रात्री ते जुलाबाचं औषध पिऊन डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"अज्जा, ही बोटं किती?"

एक डोळा उघडला. "काळी आहेत. ग्रीस धू."

बरळतायत! हीच वेळ!

"अज्जा, गॅरेजला शेड देता?"

उघडलेला डोळाही मिटला. मग, डोळे मिटूनच, "घे."

"खरंच?"

"घे म्हटलं ना. ठसे तेवढे नीट गुंडाळून माळ्यावर ठेव."

मी उडालेच! डॉक्टर सांगत होते, आत मांसाचा छोटासा कोंब होता, काढून तपासायला पाठवलाय, काळजीचं वाटत नाही, तीन वर्षांनी परत या. मी फक्त मान हलवत होते. माझ्या डोक्यात गॅरेजची पाटी रंगत होती.

स्कूटर तिथंच ठेवून ऑटोनं घरी आलो. दुपारी अज्जा झोपले आणि मी ठसे गुंडाळून माळ्यावर चढवले. एकशे बारा ठसे! संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर जाहीर केलं, "अज्जांनी शेड दिली!"

अप्पांनी हॉस्पिटलचा छापील कागद उघडला. "हे बघ. भूल घेतली असल्यास चोवीस तास गाडी चालवू नये, सही करू नये, महत्त्वाचा निर्णय घेऊ नये. गुंगीतल्या माणसाकडून शेड लिहून घेतलीस होय?"

"लिहून नाही, तोंडी!"

"म्हणजे इंजेक्शन दिलंय हे बघूनच विचारलंस!"

माझं डोकं फिरलं. "हो! मग काय करू? शुद्धीत असताना या घरात कोण हो म्हणतंय? आणि ऐका, मलाच नको गुंगीतला होकार! उद्या चोवीस तास भरले की परत विचारते. शुद्धीत!"

अज्जा मऊ भात कालवत होते. म्हणाले, "विशी, लोणचं."

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मी त्यांच्यापुढं उभी. "अज्जा, चोवीस तास झाले."

"कशाचे?"

"इंजेक्शनचे!"

"कुठलं इंजेक्शन?" अज्जांनी पेपर खाली ठेवला. "मी घेतलंच नाही. फाईल बघ."

बघितली. 'काही नको' वर ही एवढी मोठी खूण!

"वळणावर दोनदा जीव गेला माझा," अज्जा म्हणाले. "त्या सिस्टरचा हात असा दाबला की ती म्हणाली, अज्जा, आता मलाच इंजेक्शन लागेल. पण सगळं बघितलं. आतला गुलाबी रंग पक्का आहे बघ, कुठं फुटला नाही."

"म्हणजे तुम्ही 'घे' म्हणालात ते..."

"पूर्ण शुद्धीत. रात्रभर औषध ढवळून दिलंस, दुखू नये म्हणून डॉक्टरांपुढं माझ्याशीच भांडलीस. म्हटलं, पोरीला काळजी आहे. देऊन टाकू."

"मग काल जेवताना बोलला का नाहीत!"

"तुम्ही सगळे माझ्याबद्दल बोलत होता. मला कुणी विचारलं?"

मला नाचावंसं वाटलं. "मग दिलीत ना शेड?"

"तूच म्हणालीस, कालचा होकार नको. आज शुद्धीत विचारते. विचार."

मी हात जोडले. ग्रीससुद्धा धुतलं होतं. "अज्जा, शेड देता?"

"बेडा," अज्जा म्हणाले आणि पेपर उघडला.

हे मी माळ्यावर बसून लिहितेय. एकशे बारापैकी एकोणचाळीस ठसे परत शेडमध्ये ठेवायला उतरवून झाले. खालून अज्जांचा आवाज येतोय, "सावकाश गं! कोपरे तुटतील."