उन्मेषरावांच्या गाडीत रुपराव

पर्यावरणाचं रक्षण ही प्रत्येक सुजाण नागरिकाची जबाबदारी असते, आणि ती शक्यतो दारासमोर, शेजाऱ्यांना दिसेल अशी उभी करावी. नंदनवनातल्या उन्मेष देवपुजारींनी ती पांढऱ्या रंगात घेतली होती. विजेची मोटार आली त्याच आठवड्यात ते ‘धूरमुक्त परिसर समिती’चे अध्यक्ष झाले आणि बायकोची, मधुवंतीची, पेट्रोलची स्कूटर त्यांनी विकून टाकली. (ती त्याच स्कूटरवर बुटीबोरीला कामाला जायची, पण तत्त्वाला तेवढ्या लांबचं दिसत नाही.) समितीच्या पाहणीत परिसरातली हवा शंभर टक्के शुद्ध निघाली. पाहणी गाड्या निघायच्या आधी उरकली होती.

मे महिन्यात गाडी थांबली. दिवे लागत, गाणी वाजत, पट्टा लावायची आठवणही ती नम्रपणे करून देई. चाकं तेवढी फिरत नसत.

कंपनीच्या सेवाकेंद्रानं गार खोलीत कॉफी पाजून निदान केलं.

“सर, गाडीले काहीच झालं नाही,” तिथले साहेब म्हणाले. “फक्त ती चालून नाही राहिली.”

उपाय एकच: अख्खी बॅटरी बदला, तीही स्वखर्चानं, कारण दोष दाखवल्याशिवाय वॉरंटी लागू होत नाही. आत नेमकं काय गेलंय ते बघायला बॅटरी उघडावी लागते, आणि उघडली की वॉरंटी जाते. म्हणजे वॉरंटी जपायची तर गाडी बंद ठेवावी, असा निष्कर्ष निघाला. त्यात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

उन्मेषरावांनी गाडी ओढून घरी आणली. रोज सकाळी ते ती धूत, पुसत आणि ‘उन्हाळ्यात विश्रांती देतोय’ असं शेजाऱ्यांना सांगत. मधुवंती ऑफिसच्या बसमागे धावे. एका दुपारी ती स्टॉपवरच भोवळ येऊन बसली. रिक्षानं घरी आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, “अहो, तुमची हवा शुद्ध झाली न? आता मले ऑफिसात पोचवा.”

उन्मेषरावांनी बायकोचं ऐकलं आणि दुरुस्तीवाला शोधायला घेतला. अध्यक्ष झाल्यापासून ही पहिलीच वेळ.

कन्हानच्या रस्त्यावर मेघा गजभिये अपघातात चेपलेल्या विजेच्या गाड्या विकत घेई आणि त्यांचे भाग सुटे करून विके. दुसऱ्या दिवशी उन्मेषराव गाडी ओढून घेऊन तिच्या आवारात उभे राहिले.

“काहून गा भाऊ, इतके दिवस काय हिची पूजा करून राहिले होते?”

उन्मेषरावांनी बॉनेटवरची धूळ पुसली. पूजाच चालली होती.

मेघानं जाड रबरी हातमोजे चढवले, त्यांना लांब उभं केलं आणि बॅटरी उघडली. “आतला एक स्विच जळला, अन् गाडीचं डोकं, म्हंजे तिचा कॉम्प्युटर, फिरलं. दोन्ही आहेत माह्यापाशी. एक गाडी ट्रकखाली गेली, पण तिचं डोकं शाबूत आहे.”

“नवीन नाहीत?”

“नवीन पाहिजे तर तिकडं कॉफी प्या.”

संध्याकाळी गाडी चालली. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘नमस्कार, रुपराव!’ रुपराव हे ट्रकखाली गेलेल्या गाडीचे मालक (स्वतः सुखरूप). गाडी त्यांना विसरली नव्हती. त्यांच्या पोटाच्या मापानं ती सीट मागे सरकवी आणि रात्रीचे आठ वाजले की सावजी खानावळीचा रस्ता दाखवी. मधुवंतीची तक्रार नव्हती. “रुपराव निदान वेळेवर तरी पोचवतात,” ती म्हणे.

पुढं वायपर बदलायला उन्मेषराव सेवाकेंद्रात गेले, तेव्हा साहेबांनी संगणकात पाहून मान हलवली. “सर, ही गाडी आमच्याकडं ट्रकखाली जाऊन मयत आहे.”

“अहो, मी तिच्यातूनच आलो!”

“तेच चुकलं तुमचं.”

मग उन्मेषरावांनी समितीच्या सभेत उभं राहून सगळं सांगून टाकलं. भंगारातून गाडी दुरुस्त होते, चालते, आणि फेकायचं कमी होतं. नंतर एकमतानं ठराव झाला की पर्यावरणाचा प्रश्न गंभीर असून त्यात भंगार आणू नये. अध्यक्ष बदलण्यात आले. उन्मेषराव घरी आले ते शीळ घालत. मधुवंतीनं कुकर लावला नव्हता. दोघं रुपरावांच्या सल्ल्यानं जेवायला गेली.

रविवारी ते वायपरसाठी कन्हानला पोचले, तर मेघाच्या आवाराबाहेर रांग लागली होती. तोंडाला रुमाल बांधलेले नवे अध्यक्ष होते, समितीचे सदस्य होते, सेवाकेंद्राचे साहेबही होते. उन्मेषरावांनी कुणालाच ओळख दाखवली नाही. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या तुम्हालाही नाही. तुम्ही रुमाल घट्ट बांधला होता. तुमच्या गाडीचा नंबर तेवढा झाकायचा राहिला होता.